खाली लोक राहतात

रंजना शेंगदाण्याचं कूट मांडीवर करायची. खाली मांडी घालून बसायची, मांडीवर जुन्या गोधडीची जाड घडी, घडीवर लोखंडी खलबत्ता, आणि तो एका हाताने आवळून धरत दुसऱ्या हाताने बत्ता हळूहळू चालवायची. पहिल्यांदा तिच्या खोलीवर गेले तेव्हा हा प्रकार बघून मला हसू आलं. अगं फरशीवर ठेव की, मांडी काळीनिळी होईल, असं मी म्हणाले. तिने मान वर न करता बोटाने जमीन दाखवली आणि कुजबुजल्यासारखं म्हणाली, "खाली लोक राहतात."

खाली घरमालक राहत होते. सिडकोतलं छोटंसं घर, वरच्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर, तिथे रंजना आणि तिची मुलगी ऋतुजा. मालकांनी खोली देताना आधी साहेब काय करतात ते विचारलं होतं. साहेब वैजापूरला आहेत आणि तिथेच राहणार आहेत, हे कळल्यावर त्यांनी बराच विचार केला आणि मग आवाज होता कामा नये या अटीवर खोली दिली. आवाजाचा आणि नवरा नसण्याचा काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही. रंजनाने मात्र ती अट अशी पाळली की मालकांनाही त्या अटीची आठवण राहिली नसेल. आपल्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, आलं की सगळं टाकून भरायला धावायचं. तेव्हासुद्धा ही आधी नळाला फडकं बांधायची, म्हणजे धार पिंपात पडताना वाजत नाही. खुर्च्यांच्या पायांना तिने जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले होते. जिन्यात पाय टाकायच्या आधी दोघी मायलेकी चपला हातात घ्यायच्या.

हीच बाई दवाखान्यात कशी होती ते सांगितलं तर कुणाला पटणार नाही. आम्ही दोघी एका डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होतो. मी चष्म्याचे नंबर काढायचे, ती बाहेर पेशंटची नावं पुकारायची आणि डोळ्यांत थेंब टाकायची. लासूर, वैजापूर, पार अजिंठ्याकडून म्हातारी माणसं यायची. ती दालनात कधी बसत नसत, बाहेर झाडाखाली बसत. रंजनाची हाक तिथवर जायची. थेंब टाकल्यावर कुणी डोळे उघडले की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. "ओ मामा, डोळं झाका म्हणलं ना? थेंब टाकल्यावर कुणाला बघायलेत एवढं? मी लई काय देखणी नाय." म्हातारे खूश. ती स्वतः लासूर स्टेशनची, त्यामुळे निम्म्या पेशंटांशी तिचं कुठून ना कुठून नातं निघायचं. डॉक्टर आतून ओरडायचे, रंजनाबाई, जरा हळू. ती म्हणायची, "सर, घरी हळूच बोलते ना. इथं तरी बोलू द्या."

डॉक्टरांना तो विनोद वाटायचा. मीही बरेच दिवस विनोदच समजत होते.

ऋतुजा तेव्हा दुसरीत असेल. शाळेच्या गॅदरिंगला तिला नाचात घेतलं. बाईंनी सांगितलं, घरी घुंगरू बांधून सराव करा, पायाला सवय झाली पाहिजे. रंजनाने गुलमंडीवरून घुंगरांचा जोड आणला आणि घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर दोन्ही घुंगरांवर रुमाल गुंडाळून वरून दोरा आवळला. पोरीने महिनाभर असा सराव केला. मी एकदा पाहिला आहे. चवड्यांवर नाचणारी, ओठ मुडपलेली मुलगी आणि खाटेवर बसून हाताने ताल धरणारी आई. तळहात तळहाताला लागायचा नाही, मध्येच थांबायचा. मोबाइलवर गाणं लागलेलं असायचं, पण ते ऐकायला त्याच्यापाशी कान न्यावा लागायचा.

गॅदरिंगला मी सोबत गेले होते. पडदा वर गेला, गाणं लागलं, सगळ्या मुलींनी एकदम पाय आपटला आणि घुंगरं वाजली. ऋतुजा जागच्या जागी थांबली. तिने आधी आपल्या पायांकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या आईकडे. चेहरा असा की आता कुणीतरी जिना चढून वर येणार आहे. आईने हाताने खूण केली, नाच, नाच. मग ती नाचली, पण शेवटपर्यंत चवड्यांवर. तिच्या दोन्ही बाजूंच्या पोरी धाडधाड पाय आपटत होत्या आणि ही मधल्यामध्ये पाण्यावरून चालल्यासारखी. लोक हसले. खरंच गोड दिसत होती, मीही हसले. शेजारी पाहिलं तर रंजना हसत नव्हती.

येताना रिक्षात पोर तिच्या मांडीवर झोपली होती. रंजना म्हणाली, "मॅडम, मला घर घ्यायचंय. छोटं असू द्या, लांब असू द्या. पण ही नाचली तर खालून कुणी वर बघायला नको. ही मोठी व्हायच्या आत पाहिजे."

एरवी घर घेणारी माणसं उजेड बघतात, पाणी बघतात, शाळा किती लांब ते बघतात. रंजना जमीन बघायची. दर रविवारी आम्ही बीड बायपासच्या बाजूच्या साइटी पालथ्या घालायचो. विक्रीला बसलेली पोरं टाय वगैरे लावून ओटा दाखवायची, बाल्कनी दाखवायची, आणि ही टाच आपटून कान देऊन उभी. मग विचारायची, खाली कोण राहणार? पोरगं गोंधळायचं. कुणीतरी फॅमिली राहील ना मॅडम, चांगलीच माणसं असतील. की रंजना चप्पल पायात सरकवून बाहेर. बहुतेक ठिकाणी पुढच्या वेळी साहेबांना घेऊन या असंही सांगायचे. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "साहेबांची कायमची रजा मंजूर झाली. मीच केली."

तळमजल्याचं घर घे, खाली माती, असं मी सुचवलं. पण एकटी बाई आणि वाढत्या वयाची मुलगी, खिडक्या रस्त्यावर, त्याला तिचं मन धजेना. शेवटी देवळाईच्या अलीकडे एका इमारतीच्या नकाशात तिला हवं ते सापडलं. पहिला मजला, आणि त्याच्याखाली पार्किंग. तिने नकाशावर बोट ठेवून तीन-तीनदा विचारून घेतलं, इथे नक्की गाड्याच ना? मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खाली गाड्या राहतील. गाड्यांना कशाचा त्रास व्हायलाय?" मी तिला इतक्या आनंदात त्याआधी पाहिलं नव्हतं.

कर्जाला जामीन म्हणून लासूरहून तिचा थोरला भाऊ आला. भला माणूस, शेती सांभाळून आडतीवर बसणारा. दवाखान्याच्या बाहेर चहा पिता पिता त्याने बहिणीला समजावून पाहिलं. पोरगी उद्या लग्न करून जाईल, मग तुला एकटीला घर कशाला, आपलं घर नाय का? रंजना म्हणाली, "दादा, मी येते तेव्हा वहिनी साय घालून चहा करते. रोज राहिले तर रोज साय कुठून आणील?" दादाने कप ठेवला आणि कागद पुढे ओढले. सही करताना त्याचे डोळे भरून आले होते, आणि आमच्या दवाखान्यात डोळे पुसणाऱ्या माणसाकडे कुणी लक्ष देत नाही ते बरं होतं.

पहिला स्लॅब, म्हणजे रंजनाच्या घराची जमीन, टाकून पक्का झाला त्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघी बघायला गेलो. ऋतुजा शिडीवरून वर गेली आणि आईने सांगितलं म्हणून तिने त्या उघड्या स्लॅबवर उडी मारली. मग आणखी एक मारली. खालून गवंडी ओरडला, "अरे, ऊपर कौन कूद रहा है?" पोर पांढरीफटक. रंजना कडेला गेली आणि दवाखान्यातल्या आवाजात तिने खाली सांगितलं, "मालकीण है." खालची सगळी माणसं हसली, गवंडीही हसला. ऋतुजा हसली, पण तिने पुन्हा उडी मारली नाही. मला वाटलं, अजून वेळ आहे, होईल सवय.

वेळ होता, पण इमारत तिथेच थांबली. बिल्डर आज भागीदाराचं कारण सांगायचा, उद्या वाळूचं. स्लॅबमधून वर निघालेल्या सळया गंजल्या. रंजना तरीही रविवारी जायची, पार्किंगच्या जागेत उभी राहून वर बघायची आणि परत यायची. पहिली काही वर्षं ऋतुजा सोबत असायची, मग तिचे क्लास सुरू झाले, मग दहावी, मग बारावी. मध्ये दोन खोल्या बदलल्या, दोन्ही वरच्याच मजल्यावरच्या. गोधडी तीच. घुंगरू डब्यात गेले. दवाखान्यात रंजना पूर्वीसारखीच ओरडत होती, पण दुपारी डबा खाताना गप्प असायची. मी बिल्डरला शिव्या दिल्या की म्हणायची, "मॅडम, घर तर होईलच. पोरगी थांबायला पाहिजे ना."

पोरगी कशी थांबणार? हुशार होती. पुण्याला कॉलेज झालं, तिथेच नोकरी लागली. तिचं नोकरीचं पत्र आलं त्याच उन्हाळ्यात रंजनाच्या हातात घराची किल्ली आली. तिने पेढे वाटले ते दोन्हींचे मिळून. कुणी विचारलं पेढे कशाचे, तर ती नोकरीचे म्हणायची.

वास्तुशांतीला जोडपं लागतं असं गुरुजींचं म्हणणं पडलं. दादा-वहिनी बसायला तयार होते. रंजनाने नम्रपणे नको म्हटलं, पाटावर बसेन तर मीच. गुरुजी व्यवहारी होते, म्हणाले गणेशपूजन करू, त्याला एकटं माणूस चालतं. नव्या ओट्यावर दूध उतू जाऊ दिलं, ऋतुजाने जिथे तिथे हळदकुंकू लावलं, जेवणं झाली. दुपारी दादाची मंडळी लासूरला निघाली आणि घरात आम्ही तिघीच उरलो.

रंजना आत गेली आणि डबा घेऊन आली. घुंगरू तिने चिंचेने घासून लख्ख केले होते, रुमाल कधीच काढून टाकले होते. ते तिने लेकीसमोर ठेवले आणि भिंतीला टेकून बसली.

ऋतुजा हसली. "आई, किती वर्षं झाली. मी सगळं विसरले गं."

"येईल तेवढं कर."

लेकीने आईकडे पाहिलं आणि मुकाट्याने घुंगरू बांधले. ते तिच्या घोट्यांना आता पुरत नव्हते, दोरीची गाठ कशीबशी बसली. ती उठली, ओढणी कमरेला खोचली आणि पहिलं पाऊल टाकलं. घुंगरं किणकिणली, वाजली असं म्हणता येणार नाही. दुसरं पाऊल, तिसरं. मी तिच्या पायांकडे पाहत होते. टाचा वरच होत्या.

"टेकव की पाय," रंजना म्हणाली. "खाली कुणी नाय गं. गाड्या आहेत."

"माहितीये आई." ऋतुजा थांबली. तिने एकदा टाच आपटून पाहिली, आणि स्वतःच दचकली. "पाय टेकतच नाहीत. ऑफिसातपण सगळे म्हणतात, तू मागे येऊन उभी राहिलेली कळतच नाही."

ती हे हसत हसत म्हणाली. रंजनानेही हसून दाखवलं, पुढे होऊन लेकीच्या पायातले घुंगरू स्वतःच्या हाताने सोडले आणि किती वेळ तिचे घोटे धरून बसली. माझ्याने तिथे बसवेना. मी चहा टाकायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले, आणि त्या नव्या ओट्यापाशी मला रडू आलं. एवढा खटाटोप करून बाईने पोरीसाठी जमीन मिळवली, आणि पोरीचे पाय तोवर दुसऱ्यांच्या छतावर शिकून झाले होते.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा पुण्याला गेली. ती वाईट मुलगी नाही, रोज फोन करते, दिवाळीला येते, आल्यावर आईच्या हातचं खाऊन झोपा काढते. पण ते घर तिच्यासाठी सुट्टीतलं घर आहे. तिच्या खोलीतल्या पलंगावरची चादर रंजना बदलत असते, कुणी झोपलेलं नसताना.

पुढे काही महिन्यांनी मी न कळवता तिच्याकडे गेले. पार्किंगमध्ये शिरले तर वरून धाड धाड आवाज. कुणीतरी काम काढलंय वाटलं. बेल वाजवली, दोनदा वाजवली, मग दार ढकललं तर उघडंच. रंजना दिवाणखान्याच्या मधोमध उघड्या फरशीवर खलबत्ता ठेवून दाणे कुटत होती. पूर्ण ताकदीने. खलबत्त्याखाली ना गोधडी ना गोणपाट. फरशीला एका जागी बारीक तडा गेला होता. शेजारी कुटाचा डबा काठोकाठ भरलेला, एकट्या माणसाला दोन महिने पुरेल एवढा.

मी म्हणाले, अगं एवढं कूट कोण खाणार आहे? आणि नवी फरशी फोडलीस की.

तिने बत्ता खाली ठेवला. लगेच घर इतकं शांत झालं की मलाच कसंतरी झालं.

"खायला नाय करत, मॅडम," ती म्हणाली. "कुटलं की घरात कुणीतरी आहे असं वाटतं."

गेल्या वर्षी मी नोकरी सोडली आणि मुलाकडे नाशिकला आले. इथे घरात माणसं भरपूर, टीव्ही दिवसभर चालू, नातवंडांचा दंगा. रंजनाचा रविवारी दुपारी फोन येतो. दवाखान्यातल्या गमती सांगते, एखाद्या म्हाताऱ्याची नक्कल करते. मग बोलणं संपतं, आणि दोघींपैकी कुणी फोन ठेवत नाही. ती मोबाइल फरशीवर ठेवते आणि दाणे कुटायला घेते. मी खोलीचं दार लावून घेते आणि फोन कानाशी धरून बसते. ठक, ठक, ठक. मध्येच ती थांबून विचारते,

"मॅडम, येतोय ना आवाज?"

मी म्हणते, येतोय. कूट तू.