शेरे गाळणारी ओळ

कॉम्प्युटरवाल्यांच्या ऑफिसात फजितीचे किस्से आपोआप साठतात. आमच्या चंद्रपूरच्या ऑफिसातले मी पूर्वी हसून सांगायचो. आता सांगताना मध्येच थांबतो.

वनहक्क दाव्यांचा जुना डेटाबेस नव्यात न्यायचा होता. जुनी टेबलं माझ्या बायकोनं, शैलानं, बनवलेली. आम्ही एकाच खोलीत काम करायचो. प्रत्येक टेबलच्या व्याख्येत रकान्याशेजारी तिनं अर्थाचा शेरा लिहिलेला: रकान्यात काय भरायचं, कोणता आकडा म्हणजे काय.

"दोन दिवस बसा माझ्याजवळ," ती म्हणाली. "दोघं मिळून वाचू."

"वाचायचं कशाला? रेग्युलर एक्स्प्रेशन लिहितो. स्क्रिप्ट बरोबर रकाने उचलेल!"

*

माझी स्क्रिप्ट, म्हणजे व्याख्या आपोआप वाचणारा छोटा प्रोग्रॅम, स्वल्पविराम दिसला की रकाना तोडायची. क्षेत्रफळापुढे कंसात "१०,२" होतं. एकूण दहा अंक, त्यातले दोन दशांशाचे. स्क्रिप्टनं तिथंच तोडलं आणि नव्या टेबलात "२" नावाचा रकाना उभा राहिला!

आमचे सीनियर दिलीपभाऊ म्हणाले, "याच्यात काय भराचं? उरलेली जमीन?"

*

मग एका शेऱ्यात निघालं, "हद्दीची खूण: मोह, वारूळ, नाला." झाला "वारूळ" नावाचा रकाना!

"आता मुंग्यायचे बी दावे घेऊन राह्यले का?" दिलीपभाऊंनी विचारलं.

शैला इतकी हसली की तिला खोकला लागला. आम्हाला तो साधाच वाटला.

*

चिडून मी सगळे शेरे गाळणारी एक ओळ लिहिली. स्क्रिप्ट सुरळीत चालली. फक्त शेरे गाळलेल्या फायली मी जुन्या फायलींवरच सेव्ह केल्या, आणि मूळ शेरे पुसले गेले.

"बॅकअप कुठी हाये?" दिलीपभाऊ.

मी शैलाकडे बोट केलं. "हिला सगळं पाठ आहे!"

"मग बसा दोन दिवस," ती म्हणाली.

"पुढच्या आठवड्यात."

*

दवाखान्यात तिनं वही मागितली. "आकड्यांचे अर्थ लिहून ठेवते. मागून शोधत बसाल."

"घरी गेल्यावर लिही," मी म्हणालो.

ती घरी आली नाही.

*

परवा आलापल्लीहून कुळमेथेभाऊंचा फोन आला. तिथले दावे ते तपासतात. चंद्रपूरला कधी आलेले नाहीत. शैलाशी त्यांची ओळख फोनवरचीच.

"साहेब, एका म्हाताऱ्या बाईचा दावा अडकून हाये. नोंदीत नुसतं सात लिवलं हाये. सात म्हणजे मंजूर का नामंजूर?"

"मला माहीत नाही, भाऊ. शेऱ्यात होतं ते."

"मंग मॅडमले विचारा ना जी! तुमच्या बाजूलेच बसतात ना त्या?"

मी म्हणालो, "विचारतो."

"आत्ताच विचारा. बाई माह्यासमोर बसून हाये. मी फोन धरून राह्यतो."

त्यांनी फोन धरला. मीही धरून राहिलो.