‘हंड्रेड परसेंट’वाले मिस्त्री

गुलमंडीचे एक मिस्त्री आमच्याकडं शिलाई मशीन दुरुस्तीला यायचे. पक्की कळलेली गोष्ट असली, तरच ते ‘हंड्रेड परसेंट’ म्हणायचे. एरवी नुसतं ‘देखेंगे’. शाळा उर्दूतली, त्यामुळं इंग्रजी तेवढंच. मी नवी सून, त्यात मॅट्रिक. मला त्याचं भारी हसू यायचं.

एका थंडीत सासूबाईंचं लाडकं मशीन घट्ट बसलं. मिस्त्रींनी चाक हलवून बोट हुंगलं.

“खोबरेल. हंड्रेड परसेंट.”

“तू घातलंस गं?” सासूबाईंनी मला विचारलं.

“छे! मी हातसुद्धा लावला नाही.”

घातलं मीच होतं, मशीन हलकं चालावं म्हणून. थंडीत खोबरेल गोठतं, हे मॅट्रिकला नव्हतं. कबूल केलं असतं, तर मशीन माझ्यासाठी कायमचं कुलपात गेलं असतं.

“मग कुणी हो, मिस्त्री?”

मिस्त्रींनी माझ्या चपचपीत वेणीकडं एकदाच पाहिलं. “ते कसं सांगावं, माय? देखेंगे.”

रॉकेलनं धुऊन त्यांनी मशीन चालू केलं. सासूबाई चहा टाकायला आत गेल्या, तसे हात पुसत हळूच म्हणाले, “बाई, डोक्याचं तेल डोक्यालाच लावत जा.”