सासूबाईंवर शिट्टी

रायपूरच्या एका स्विमिंग पूलवर मी लाइफगार्ड आहे. सकाळची बायकांची बॅच माझी. बुडणाऱ्याला मागून कसं धरायचं, छाती दाबून श्वास कसा परत आणायचा, हे सगळं कोर्समध्ये शिकवलं. सासूवर शिट्टी कशी वाजवायची, ते मात्र कोणी शिकवलं नाही.

सासूबाईंचा एक गुडघा नवीन बसवलेला. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं आणि त्या माझ्याच बॅचला आल्या. पाण्यात त्या छान चालत. पंचाईत काठावर. कोपऱ्यातली उन्हाची जागा दुसरीने पटकावू नये म्हणून त्या ओल्या फरशीवरून तरातरा पळत, तेही अंगभर खोबरेल चोपडून. घरी समजावलं तर म्हणाल्या, "तेल नाही लावलं त तुमचं ते दवाईचं पाणी अंगाले खाते. अन् पळते कुठं? चालून राहिली मी."

त्या पडल्या तर तो गुडघा परत उघडावा लागेल, हे मला दिसत होतं. तरी शिट्टी ओठांशी नेली की हात आपोआप खाली. ज्या बाईसमोर मी अजून मोठ्याने शिंकत नाही, तिच्यावर शिट्टी?

सासूबाईंना माझा चहा फिका लागला की त्या मांजरीला रागावतात. मी ठरवलं, हीच पद्धत त्यांच्यावर वापरायची.

काठावर ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका उभ्या होत्या. जन्मात नियम न मोडलेल्या. सासूबाई पळायला लागल्या तशी मी या काकूंकडे बोट करून जोरात शिट्टी फुंकली आणि म्हणाले, "काकू, पळायचं नाही."

त्यांना आजवर कोणी रागावलंच नसावं. त्या दचकल्या, "मी?" म्हणाल्या आणि चष्म्यासकट पाण्यात गेल्या. मी उडी मारली. पाणी कमरेएवढंच होतं. काकू उभ्या राहून चष्मा शोधत होत्या, तरी मी त्यांना शिकवल्याबरहुकूम मागून धरलं आणि हातपाय झाडत असलेल्या काकूंना काठावर ओढून आणलं. कोपर तेवढं खरचटलं. सासूबाई एव्हाना उन्हात बसल्या होत्या.

अपघाताच्या वहीत कारण लिहावं लागतं. मी 'पाय घसरला' लिहायला घेतलं, तर मागून सासूबाई वाचत होत्या.

"पाय कुठं घसरला तिचा? ते त उभी होती. मले थांबवाचं होतं नं? मग मले काहून नाही वाजवली?"

"तुमच्यावर कशी वाजवू, आई?"

"अन् तिले बुडवलं, ते चालते?"

मला लाज वाटली, चांगलीच. उभ्या बाईला पाण्यात पाडणारी लाइफगार्ड अख्ख्या रायपुरात मी एकटीच असेन. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'शिट्टी चुकीच्या बाईवर वाजवली.'

दुसऱ्या दिवशी तेल होतंच, पळणंही होतं. मला डोळे मिटून घ्यावेसे वाटले, पण आमच्या कामात ते चालत नाही. मी उघड्या डोळ्यांनी थेट सासूबाईंवर शिट्टी फुंकली. सासूबाई थांबल्या आणि मागे दुसरी कोणी उभी आहे का, ते त्यांनी वळून पाहिलं. कोणी नव्हतं.