कंप्युटरचं घड्याळ खरं झालं त्याची गोष्ट

परवा आमच्या तारकर्लीच्या घरात नक्की किती वाजले होते, ते मला बराच वेळ कळलंच नाही...

आमच्याकडे घड्याळं पाव तास पुढे असतात. मालवणची एसटी चुकू नये म्हणून सासऱ्यांनी घातलेली पद्धत. मिस्टरांनी होमस्टेच्या बुकिंगचा कंप्युटरही भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून ठेवलेला. बघायचं, मनात पाव तास वजा करायचा, की झालं!

परवा अकरा वाजता लेकीचा, सायलीचा, ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. पुण्याची कंपनी, पहिलीच नोकरी... माझाच जीव टांगणीला.

आदल्या दिवशी कंप्युटर लॉगिनच घेईना, म्हणे तुमची वेळ चुकीची आहे. सायलीने सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी चालू केलं आणि तो इंटरनेटवरच्या कुठल्याशा सर्व्हरला विचारून आपली वेळ आपणच लावून मोकळा झाला. हे मला कोण सांगणार?

सकाळी ती आतल्या खोलीत साडी नेसत होती. मोबाईल रेंजसाठी माडीच्या खिडकीत टांगलेला. आतून ओरडली, "आये, कंप्युटरात किती वाजले गो?"

मी बघितलं. अकराला आले होते. सवयीने पाव तास वजा केला आणि म्हटलं, "पावणेअकरा. सावकाश ये गो, वेळ आसा."

ती सावकाश आली... आणि कॉल जोडून बघते तर स्क्रीनवर कंपनीची दोन माणसं, त्यात एक मॅडम, वाट बघत बसलेली!

मी भिंतीवर बघितलं, कंप्युटरवर बघितलं. पुन्हा भिंतीवर. दोघांचं जुळेना. पाव तास गेला तरी कुठे?

पडदा धरून उभी राहिले. आता ही रेंजवर ढकलणार, असंच वाटलं. आमच्याकडे सगळ्याचं खापर रेंजवरच फुटतं, आणि कोणी शंकाही घेत नाही.

पण ती म्हणाली, "सॉरी मॅडम. आमच्या घरात घड्याळ पुढे ठेवतात. कंप्युटरचं मी काल बरोबर केलं, पण आईला सांगायला विसरले. तिने नेहमीसारखा पाव तास कमी करून वेळ सांगितली. चूक माझीच."

मॅडम हसल्या आणि प्रश्न सुरू झाले.

निकाल अजून यायचाय. कंप्युटर बघून वजा करायचं की नाही, यात मी अजून गोंधळतेय. पण रेंजवर न ढकलता पोरीने खरं सांगितलं आणि चूक स्वतःवर घेतली, आणि तीही नोकरी पणाला लावून... पडद्यामागे माझे डोळे भरून आले. देवा, हिला जिथे पाठवशील तिथे अशीच ठेव.