डोकं बसवून घाटंजीला

आम्हा बातमीदारांना पेन्शन नसते, पण पेन्शनरांच्या बाकावर बसायला बंदीही नाही. परवा तिथे एकाने वर्तमानपत्र माझ्यापुढे धरले. अर्धे पान केसांच्या तेलाची जाहिरात! आणि खाली कोपऱ्यात, आठ दिवस नळ बंद असल्याची बातमी. चार ओळी! मी पंधरा मिनिटे बोललो. संपल्यावर तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, राग बातमीचा हाय का केसांचा?"

दोन्हींचा. मी छापलेल्या बातम्या आता मलाच आठवत नाहीत. केसांचे किस्से मात्र न्हाव्याच्या दुकानातल्या केसांसारखे आहेत. कितीही झाडा, कोपऱ्यात पुन्हा सापडतात.

*

माझे केस मुळातच राठ आणि कुरळे. नागपूरला कॉलेजात होतो तेव्हा ते काळेभोर होते आणि लोक मला कवी समजत. मी जन्मात एक कविता केलेली नाही. चाळिशी आली आणि मधूनमधून पांढरे केस उगवू लागले. काळे निदान वळत तरी होते, पांढरे तारेसारखे ताठ उभे राहत. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटी उपटायची राहून गेलेले वावर दिसते ना, तसे डोके दिसे.

आमच्या साप्ताहिकाचा छापखाना यवतमाळच्या बाजारात होता. भिंतीला भिंत लागून रशीदमियाँचे सलून. एक खुर्ची, दोन आरसे. माझे केस कापून झाले की ते कैची घेऊन धार लावायला बसत.

एकदा मला म्हणाले, "भाऊ, काले बाल तुमचं ऐकत होते. हे सफेदवाले कोनाच्या बापाचं ऐकत नाही."

"माझ्यावर गेले," मी म्हणालो.

"म्हनून तं मले भेव वाटते!"

*

छप्पन साली आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. त्या निमित्ताने मालकांनी छापखान्याच्या सगळ्या मंडळींचा फोटो काढवला. मालकच आमचे संपादक. बुटके, पण रुबाबदार. त्या दिवशी जरीचा फेटा बांधून आले होते. मला पुढे खुर्चीवर बसवले आणि ते माझ्या मागे उभे राहिले.

फोटो धुऊन आला. मालकांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. फेट्याचा तुरा दिसत होता. तुऱ्याखाली माझे केस!

"राज्य बदललं," मालक म्हणाले, "अन् मालकाच्या जागी झुडूप आलं!"

*

मी एक्केचाळीस वर्षांचा होईपर्यंत माझे लग्न झाले नव्हते. कारण विचाराल तर भांडणांतून सवड मिळाली नाही. तीन स्थळे पाहिली, तिन्ही ठिकाणी वाद झाले. मारेगावचे शेवटचे. मुलीचे वडील पोह्यांची बशी हातात घेऊन नुसते माझ्या डोक्याकडे बघत होते. माझा पारा चढला.

"काका, माणसाच्या डोक्यात काय आहे ते बघावं. डोक्यावर काय आहे ते कायले बघता?"

ते म्हणाले, "बावा, वरतेच इतकी दंगल दिसून राह्यली. अंदर काय असंन, त्याचाच इचार करून राह्यलो!"

त्यानंतर स्थळ पाहायचे नाही असे मी जाहीर केले. कुणी हळहळले नाही.

*

मग ते पत्र आले.

घाटंजीच्या मुलींच्या शाळेतल्या विहिरीला पाणी नाही, अशी बातमी मी दिली होती. मोटारस्टँडवर ऐकली आणि लिहिली. पुढच्या आठवड्यात संपादकांच्या नावे टपाल: "आमच्या शाळेला विहीरच नाही. आपल्या बातमीदाराने एकदा येऊन पाहावे, म्हणजे नसलेल्या विहिरीत पाणी नसल्याची बातमी देण्याचा प्रसंग येणार नाही." खाली सही, मुख्याध्यापिका, वत्सलाबाई.

मी तणतणत घाटंजीला गेलो. रविवार होता, शाळेला कुलूप. कुंपणाभोवती दोन चकरा मारल्या. विहीर नव्हती. आयुष्यातली पहिली दुरुस्ती मी स्वतःच्या हाताने लिहून छापली.

चौथ्या दिवशी दुसरे पत्र. "दुरुस्ती वाचली. दुरुस्तीतही एक चूक आहे. शाळेत मुली साठ नाहीत, एकसष्ट आहेत. एक कालच आली."

हे पत्र मी फायलीला लावले नाही. सदऱ्याच्या खिशात ठेवले. धोब्याने सदरा धुवायला मागितला तर दिला नाही.

मालकांनी ते हेरले. वत्सलाबाई छत्तीस वर्षांच्या, लग्न न झालेल्या, मामांकडे राहणाऱ्या आणि मामा मालकांच्या ओळखीचे, एवढी माहिती त्यांनी दोन दिवसांत काढली. एरवी दोन दिवसांत ते एक अग्रलेखही लिहीत नसत.

"मे महिन्यात शाळेला सुटी हाय. जाऊन ये," मालक म्हणाले. "पन डोकं बसवून जाय. मारेगाव पुन्हा नको."

मी नेहमीसारखा उसळलो नाही. हे स्थळ मला हातचे जाऊ द्यायचे नव्हते. मी विचारले, "बसवू कसं?"

साऱ्या छापखान्याने हातातले काम टाकून माझ्याकडे पाहिले. मी कुणाला सल्ला विचारल्याचे त्यांनी पहिल्यांदाच ऐकले होते.

*

पहिला इलाज रशीदमियाँचा. केस ओले करायचे, दाबून विंचरायचे आणि वरून पांढरे फडके करकचून बांधायचे. दोन तास सोडायचे नाही. मी फडके बांधले आणि तसाच कोर्टात बातमी आणायला गेलो. काम थोडेच थांबते?

त्याच आठवड्यात एका लाकूड ठेकेदाराच्या चोरट्या जंगलतोडीवर मी लिहिले होते. डोक्याला पांढरी पट्टी पाहून कोर्टात चार जणांनी विचारले, "भाऊ, कोनं मारलं?" मी म्हणालो, "कुणी नाही." खरे सांगितले की गावाला पटत नाही. दुपारपर्यंत मला सात टाके पडले होते आणि संध्याकाळपर्यंत मी दवाखान्यात होतो!

दिवे लागायच्या आत तो ठेकेदार धापा टाकत छापखान्यात हजर. हात जोडून मालकांना म्हणाला, "देवाशपथ, आमचे मानसं नव्हते ते! आम्ही तं सोमवारी पाठवनार होतो!"

*

दुसरा इलाज आमचा फोरमन हरसिंग राठोड याचा. छपाईचे खिळे जुळवण्यात सबंध जिल्ह्यात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. आर्णीकडच्या बंजारा तांड्यातून शिकून आलेला पहिला मुलगा. घरी गोरबोली बोले, आमच्याशी वऱ्हाडी आणि मालकांशी फक्त मानेने.

"माही याडी सांगते," राठोड म्हणाला. याडी म्हणजे आई. "जवस उकळा. त्याचं चिकट पानी केसाले लावा. घोड्याची आयाळ बसते, तं तुमचे केस काय चीज हाय!"

जवसाने केस खरोखर बसले. एक तास मी आरशासमोरून हललो नाही. मग आर्णी रस्त्यावर एक अपघात झाल्याची खबर आली आणि मी सायकल काढली. मे महिन्याची धूळ, गरम वारा. परत आलो तेव्हा डोक्यावर लाल मातीचा चांगला बोटभर थर.

राठोडने माझ्याभोवती एक फेरी मारली. "भाऊ, आता पुसू नका. जमीन तयार हाय, पेरून टाका!"

पण इलाज लागू पडला होता, फक्त धुळीचा बंदोबस्त हवा होता. ठरले असे: घाटंजीला जाण्याच्या दिवशी राठोड घरून ताजे जवस उकळून डब्यात आणून ठेवील, आणि ते लावून मी वरून टोपी घालीन.

*

तो दिवस उजाडला. छापखान्याच्या मागच्या खोलीतच मी राहत असे. सकाळी फळीवर डबा दिसला. आत पांढरट, चिकट, थंडगार. मी भरपूर घेतले, दोन्ही हातांनी चोपडले, भांग पाडला. केस जे बसले म्हणता! मी नवी पांढरी टोपी दाबून घातली आणि मोटारस्टँड गाठला.

मोटार सुटता सुटता राठोड हातात एक डबा घेऊन धावत येताना दिसला.

"भाऊ, जवस इथं हाय! तुमी काय लावलं?"

"फळीवरचं!"

"अरे बापा, ते तं खळ होती!"

खळ म्हणजे शिजवलेल्या मैद्याची चिकट पेज. झुरळे लागू नयेत म्हणून तीत मोरचूद घालत. अंकांवर पत्त्यांच्या पट्ट्या आम्ही तिनेच चिकटवत होतो. मोटारीमागे धावत राठोडने वाक्य पुरे केले, "तिनं चिकटवलेली पट्टी मुंबईपर्यंत सुटत नाही, भाऊ!"

जन्मभर इतरांना 'खात्री करून लिहा' म्हणून झापणारा मी! डबा कशाचा, एवढे विचारले नाही.

घाटंजी येईपर्यंत खळ वाळली. टोपी हलवून पाहिली. टोपीबरोबर भुवया हलल्या.

मामांनी स्वागत केले. पोहे आले. आमच्या दोघांच्या पत्रिका जुळवून पाहायला सतरंजीवर उघडून ठेवल्या होत्या. वत्सलाबाई समोर येऊन बसल्या, डोक्यावरून पदर, तेलाने चापून बसवलेले केस. खाली बघत नव्हत्या, सरळ माझ्याकडे बघत होत्या.

"फार ऊन हाय," मामा म्हणाले. "टोपी काढून बसा आरामात."

"राहू द्या."

"अहो, घामानं निथळून राह्यले तुमी."

"मला टोपीत बरं वाटते."

वत्सलाबाई पहिल्यांदा बोलल्या. "तुमच्या कपाळावर हिरवं काय उतरून राह्यलं?"

मोरचूद! आता खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. आणि त्यांच्याशी तर मुळीच नव्हता. त्या दुरुस्ती मागणार! मी सगळे सांगितले. मारेगाव, फडके, जवस, खळ. मामांच्या हातातला घास हातातच राहिला. मी मनात उठायची तयारी केली.

वत्सलाबाई उठून आत गेल्या. कोमट पाण्याचे घंगाळ घेऊन आल्या, मला अंगणातल्या दगडावर बसवले आणि मामांसमोर माझ्या डोक्यावर तांब्या तांब्या पाणी ओतले. कितव्या तरी तांब्याला टोपी सुटली. मागोमाग केस उठले. खळीचा, जवसाचा, फडक्याचा, साऱ्यांचा सूड घेत उठले.

त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिले. हसल्या नाहीत. पदर खाली घेतला आणि आपल्या अंबाड्यातली एकेक पिन काढून मामांच्या पोह्यांच्या बशीत टाकू लागल्या. मामा मोजत होते. चौदावी पिन निघाली आणि त्यांचे केस, इतके तेल पिऊनही, कानांच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. माझ्यासारखेच राठ, माझ्यासारखेच मधूनमधून पांढरे.

मामांनी एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे. मग खाली वाकून दोन्ही पत्रिकांची घडी घातली आणि कोटाच्या खिशात टाकली.

वत्सलाबाईंनी माझी टोपी पिळली, अंगणातल्या दोरीवर घातली आणि म्हणाल्या, "ही वाळेपर्यंत बसा."

घाटंजीचा मे महिना. टोपी दहा मिनिटांत वाळते. आम्ही आत बसून शाळेबद्दल बोललो, विहिरीबद्दल भांडलो, मुली साठ की एकसष्ट यावर पुन्हा भांडलो. शेवटच्या मोटारीची वेळ झाली तरी टोपी ओलीच होती.

मध्ये चारदा वत्सलाबाई 'आलेच' म्हणून उठल्या होत्या. पाचव्यांदा उठल्या तेव्हा मी खिडकीतून पाहिले. त्या दोरीपाशी उभ्या राहून टोपीवर तांब्याभर पाणी ओतत होत्या.