नंबरचं झाड

जंगलखात्यात नोकरीला लागा, किस्से आपोआप मागे लागतात! मी शहापूरची. वनरक्षक म्हणून माझी ड्युटी मुरबाडकडे, वैशाखऱ्याजवळच्या एका गावात. तिथल्या गंगूकाकीचे किस्से संपतच नाहीत. बाई एवढीशी, पण तिच्याकडे बघून मी अजून थक्क होते.

*

झाडं किती कार्बन शोषतात, ते मोजायचं काम आलं. आम्ही ऐनाच्या झाडांची मापं घेऊन बुंध्यावर पिवळे नंबर रंगवत होतो. काकी बघत उभी.

"माझ्या म्हशीच्या कानाला पण नंबर मारलाय, बाय. दूध काय वाढला नाय!"

रंगवणाऱ्याच्या हातातून ब्रशच पडला.

*

मग गावात मीटिंग. साहेब समजावत होते, हवामान बिघडतंय, फांद्या तोडू नका, राब जाळू नका. राब म्हणजे तोडलेल्या फांद्या आणि पाला. तो वाफ्यावर पसरून जाळायचा, मग भाताची रोपं जोमानं येतात. इथे सगळे तसंच करतात. काकी ताडकन उठली.

"मुंबैचा धूर आमच्या झाडांनी गिळायचा, आन् माझा राब बंद? मंग पोरांना काय कार्बन वाढू?"

साहेबांनाच हसू फुटलं! शेवटी ठरलं, राब बांधावरच्या झाडांचा घ्यायचा, नंबरच्या झाडाला हात लावायचा नाही.

"दिला शब्द," काकी म्हणाली.

*

देवराईतल्या एका झाडाला आमची टेप पुरेना. मी मान वर करून बघतच राहिले. आभाळ दिसतच नव्हतं. काकीनं चपला काढल्या, हात जोडले.

"पोरं माप घेतात रे देवा, रागवू नको."

माझे बूट कधी निघाले, मला कळलंच नाही.

*

म्हसा गावची पौषातली जत्रा आटोपली आणि एका दुपारी डोंगरावर वणवा लागला. उताराखाली काकीनं वर्षाचा राब रचून ठेवलेला. आग तिकडेच सरकत होती. राब गेला की रोपं गेली, रोपं गेली की वर्षाचा भात गेला.

सगळं गाव करवंदीच्या ओल्या फांद्यांनी आग झोडपत होतं. आमच्या बाजूला एकही झुडूप उरलं नव्हतं. धुरानं माझे डोळे चुरचुरत होते.

"काकी, झोडपा ना!" मी ओरडले.

काकी एका ऐनाखाली उभी होती. हातात नुसता कोयता. आग राबाच्या अगदी जवळ आलेली.

"बाय गो," ती तिथूनच ओरडली, "ह्यो नंबरचा झाड हाय. एक फांदी तोडू का?"