अकरा मैलांवरची इटली

आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी यंदा सगळ्यांनी प्रवासवर्णनं दिली आहेत. एकानं बद्रीनारायण लिहिला, एकानं रामेश्वर, आणि एका वकीलसाहेबांनी तर उटकमंडच्या थंडीवर बारा पानं भरली. मी देवळीला जाऊन आलो. वर्ध्याहून अकरा मैल. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं फारसं हसण्यासारखं नाही.

आधी आम्ही गेलो कशाला ते सांगतो. आमचा फुटबॉल क्लब तुम्हाला ठाऊक आहेच. क्लब म्हणजे एक चामडी चेंडू, दोन पंप, त्यातला एक बिघडलेला, आणि संध्याकाळी स्टेशनासमोरच्या हॉटेलात चहावर भांडणारे आम्ही दहा-पंधरा जण. मी शाळामास्तर, म्हणून क्लबाचा सेक्रेटरी. आणि आमचे सगळ्यांचे गुरू म्हणजे वानखेडे हवालदार. लढाईत ते इटलीत होते. गुडघ्यात गोळ्याचा तुकडा घुसला म्हणून पाच महिने तिथल्या इस्पितळात पडून राहिले, आणि तिथंच त्यांना इटालियन फुटबॉलचं वेड लागलं. इस्पितळातला एक धोबी अजून त्यांना तिकडची खेळाची वर्तमानपत्रं बोटीनं पाठवतो. दोन-दोन महिन्यांची शिळी, गुलाबी कागदावरची. हवालदारांना त्यातलं निम्मं वाचता येतं. उरलेलं निम्मं ते मनानं रचतात असा माझा जुना संशय आहे, पण तोंडावर कोण म्हणणार?

तर शेषराव, म्हणजे आमचा शेषा, बोरगाव मेघेचा. आमचा सेंटर फॉरवर्ड. तेवीस वर्षांचा, अनवाणी खेळणारा, डाव्या पायानं असा चेंडू मारायचा की गोलकीपर आधी तोंड झाकायचा. दिवाळीनंतर तो देवळीला निघून गेला. तिथल्या एका जिनिंगच्या सेठला फुटबॉलचा शौक. त्यानं शेषाला नोकरी दिली, आणि ती सुद्धा बारमाही. ज्यांना जिनिंग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथं रेचे, म्हणजे मोठाली यंत्रं, कापसातून सरकी वेगळी काढतात. कापसाचा हंगाम चार-पाच महिने चालतो, तेवढेच महिने मजुरी. नंतर घरी बसा. बारमाही नोकरी शंभरात एखाद्याला. शेषाला रेच्यांना तेल घालायचं काम मिळालं, राहायला खोली मिळाली, आणि रविवारी सेठच्या संघातून खेळायचं.

हॉटेलात रोज तीच चर्चा. असे सेठ लोक एकेक खेळाडू उचलू लागले तर गावच्या क्लबांचं पुढं काय? संक्रांतीच्या ढालीचे सामने तोंडावर आलेले. मी म्हणायचो, बाहेरचा खेळाडू घ्यायला बंदीच पाहिजे. हवालदार टेबलावर मूठ आपटायचे.

"बंदी काऊन? तिकडे मिलानवाले स्वीडनचे गडी घेते, तुरीनवाले अर्जेंटिनाचे घेते. घेऊ द्या न! पन कागद लागते, कागद! जुन्या क्लबानं सोडल्याबिगर गडी हालू शकत नाई. गडी क्लबाचा असते, मास्तर. त्याच्या बापाचा नाई."

आणि आमच्याकडं कागद होता. दरवर्षी खांडेनवमीला आम्ही चेंडू पाटावर ठेवतो, हळदकुंकू वाहतो, पंपाला झेंडूची माळ घालतो. मग एकेक खेळाडू चेंडूवर हात ठेवून सांगतो की पुढल्या दसऱ्यापर्यंत दुसऱ्याकडून खेळणार नाही. शेजारी क्लबाचं रजिस्टर असतं, त्यात सही किंवा अंगठा. पूजेचा भाग म्हणून चाललेली गोष्ट. त्या अंगठ्याला आजवर कुणी भाव दिला नव्हता. हवालदारांनी दिला. आणि त्यांच्या सांगण्यावरून मी सेठच्या नावानं इंग्रजीत पत्र लिहिलं. माझं इंग्रजी बरं आहे, अक्षर त्याहून बरं. शेषराव आमच्या क्लबाशी लेखी करारानं बांधलेला आहे, आमच्या परवानगीशिवाय त्याला येत्या दसऱ्यापर्यंत दुसऱ्या कुणालाही ठेवता येणार नाही, असं ठणकावून लिहिलं. खाली सही आणि क्लबाचा गोल शिक्का. लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं आणि स्वतःवरच खूश झालो.

रविवारी सकाळी हवालदार आणि मी निघालो. जाणाऱ्यांसाठी माहिती: देवळीची सर्व्हिस मोटार सातला सुटते असं म्हणतात, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. आम्ही आठला हललो. भाडं आठ आणे. ड्रायव्हरशेजारी बसायचं असेल तर दहा आणे आणि वर ड्रायव्हरच्या बिडीचा धूर फुकट. पौषातली थंडी, खिडक्यांना काचा नाहीत, तेव्हा कान बांधून घ्या. सावंगी मेघेपर्यंत रस्ता ठीक आहे. सालोडच्या पुढं नुसती खडी, आणि समोरून कापसाच्या बंड्यांची रांग. प्रत्येक बंडीसाठी मोटार बाजूला घ्यायची, बैल बुजले की ड्रायव्हरनं गाडीवानाच्या खानदानाचा उद्धार करायचा, गाडीवानानं तो सव्याज परत करायचा. बाभळीच्या काट्यांना सगळीकडं कापूस लटकलेला. अकरा मैलांना दीड तास लागला.

वाटेत हवालदारांचं चालूच. इटलीत आता परदेशी खेळाडू बंद करायचं घाटतंय, मग लीग जगेल की मरेल, स्वीडनवाले गेले तर मिलानच्या क्लबात राहील कोण. शेजारी देवळीचे एक कापडवाले बसले होते. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं.

"इटलीत कापूस होते का हो हवालदार?"

"नाई बा."

"मंग एवढे पैसे आनते कोठून?"

हवालदारांनी त्यांच्याकडं पाठ फिरवली. मला तेव्हा फार हसू आलं. आता वाटतं, त्या मोटारीत शहाणा माणूस तो एकटाच होता.

देवळीत उतरल्यावर बाजारात आलुबोंडे खाल्ले. मोटारतळाजवळ, निंबाखालच्या दुकानातले घ्या, तर्री मागून घ्या, दोन आण्यांत पोट भरतं. मग शेषाच्या खोलीचा पत्ता विचारत गेलो. जिनिंगच्या मागं कौलारू खोल्यांची ओळ, सगळीकडं हवेत कापसाचे तंतू, अंगणात वाळत घातलेल्या लुगड्यावर सुद्धा. शेषानं आम्हाला लांबूनच पाहिलं आणि धावत आला. हवालदारांच्या पाया पडला, माझ्या पडला.

"भाऊ, तुमी दोघं! अन् कळवलं बी नाई. सुमन, पाह्य कोन आलं!"

सुमन त्याची बायको. दिवस गेलेले, सातवा-आठवा महिना असावा. आम्ही चहावर भागवू म्हटलं तर ती ऐकेना. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, वर तिळाचं तेल घातलेली मिरचीची चटणी. दोन थाळ्या होत्या, त्या आम्हाला. शेषा भाकरी हातावर घेऊन जेवला. जेवताना तो काय काय सांगत होता. खोलीला पत्रे नाहीत, कौलं आहेत, म्हणून उन्हाळा बरा जाईल. सेठ भला माणूस, चार दिवसांनी एकदा तरी विचारपूस करतो. पोर झालं की बोरगावहून आईला घेऊन येणार. "हंगाम सरला तरी मी येथीसाच राह्यतो भाऊ, बारमाही हाय न मी," हे त्यानं मला तीनदा सांगितलं असेल.

पत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. हे मी लिहिलंच पाहिजे. ते खिशात ठेवून मी दुसरी भाकरी मागून घेतली.

सांगायला हवं होतं. हवालदारांनी डोळ्यांनी खुणावलं, आत्ता नको, आणि मी गप्प बसलो. आमचा हिशेब असा की सेठ पत्र वाचून घाबरेल, नोकरी तशीच ठेवेल आणि खेळायला फक्त आमच्याकडं सोडेल. इटलीत म्हणे असंच होतं, दोन्ही क्लब समोरासमोर बसून मिटवतात. कुठली इटली आणि कुठली देवळी! चाळीस वर्षांचा घोडा झालो तरी मला एवढं कळू नये?

त्या रविवारी सामना नव्हता, जेवून शेषा कामावर गेला आणि आम्ही सेठच्या पेढीवर. सेठ गादीवर बसले होते. बाहेर रेच्यांचा घरघराट, सरकीचे ढीग, आत पांढरी बैठक. आम्हाला गूळ-पाणी दिलं, नीट बसवलं. मी पत्र पुढं केलं. त्यांनी ते स्वतः वाचलं, सावकाश, मग चष्मा काढला.

"मास्तर, हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"सही त्याचीच आहे रजिस्टरात?"

हवालदारांनी रजिस्टर उघडून अंगठा दाखवला. अभिमानानं दाखवला.

सेठनी अंगठा पाहून घेतला. मग म्हणाले, "आमच्या धंद्यात एक रीत आहे. एका जिनिंगशी बांधलेला माणूस दुसरी जिनिंग ठेवत नाही. जिसका आदमी उसका. म्हणून इथं इतक्या जिनिंग नांदतात. मैंने आज तक किसी का बंधा हुआ आदमी नहीं रखा, मास्तर. मला त्यानं सांगितलंच नाही." आणि आत वळून म्हणाले, "मुनीमजी, शेषराव को बुलाओ. आज तक की मजदूरी दे दो. और बाकी जिनिंगवालों को भी बता देना."

मी म्हटलं, "सेठजी, नोकरी राहू द्या. आमचं म्हणणं फक्त खेळापुरतं."

"खेळासाठीच ठेवला होता न? तेल घालणारे मला गावात पन्नास मिळतात."

ते रागावलेले नव्हते. हेच मला सर्वांत लागलं. रागावलेल्या माणसाच्या पाया पडता येतं. हे आमचंच म्हणणं मान्य करून बसले होते.

शेषा तेलाचे हात फडक्याला पुसत आला. मुनीमजींनी सांगितलं. त्याला आधी काही उमजेना, तो एकदा सेठकडं, एकदा मुनीमजींकडं पाहत राहिला. मग त्याला गादीवर पडलेलं पत्र दिसलं, आमचा शिक्का दिसला. हवालदार उठून त्याची पाठ थोपटत म्हणाले, "चाल शेषा, आता संक्रांतीची ढाल आपलीच!" देवाशप्पथ सांगतो, त्या माणसाला काय घडलंय ते कळलंच नव्हतं.

शेषानं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. मला म्हणाला, "भाऊ, तुमी आत्ताच जेवले न माह्या घरी?"

मी रजिस्टर उचलून काखेत घेतलं.

परतीची मोटार चुकली. रिकाम्या बंडीवाल्यानं चार आण्यांत वर्ध्याच्या वेशीपर्यंत सोडलं. कापूस घालून परतणाऱ्या बंड्या मिळतात, फक्त खाली कडबा अंथरून घ्या, नाहीतर कंबर राहत नाही. शेषा आमच्याबरोबर आला नाही. बंडी हलली तसे हवालदार सुरू झाले की तुरीनच्या क्लबातही एकदा असाच पेच आला होता.

"पुरे करा हो तुमची इटली!" मी इतक्या जोरात ओरडलो की बैल थबकले. "तुम्ही तिथं खाटेवर पडून होतात, हवालदार. तुम्ही काय पाहिलं तिथलं?"

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं नाही. आज थोडं वाटतं.

पुढच्या रविवारी मी एकटा पुन्हा देवळीला गेलो. शेषा आमच्याकडून पूर्ण मोकळा आहे असं नवं पत्र नेलं. सेठनं तेही सावकाश वाचलं, गूळ-पाणी दिलं, आणि सांगितलं की त्या जागेवर अमरावतीचा एक गोलकीपर ठेवला. दुसऱ्या तीन जिनिंगमध्ये फिरलो. तिथं माझं पहिलं पत्र माझ्या आधी पोचलं होतं.

शेषा आता बोरगावात आईच्या घरी आहे. रस्त्याच्या कामावर खडी फोडतो, तेही काम मिळालं तर. मुलगी झाली. ढालीच्या सामन्यात तो उतरला नाही. बोलवायला गेलेल्यांना दारातूनच नकार दिला. आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो आणि हॉटेलात त्यावरही वाद झाला म्हणे. मी जाणं सोडलं आहे. वर्ध्याच्या फुटबॉलचं पुढं काय, हे ज्यांना ठरवायचं त्यांनी ठरवावं.

महिन्याभरापूर्वी शेषा माझ्या दारात आला. मला वाटलं, भांडायला आला. खरं सांगतो, बरं वाटलं, म्हटलं एकदा शिव्या घालून घेईल. तो ओसरीवर बसला, पाणी प्याला.

"गुरुजी, तुमच्या कागदात बहुत जोर हाये," तो म्हणाला. आधी मला भाऊ म्हणायचा. "सेठनं एकडाव वाचला अन् मानला. मले बी एक कागद लिहून द्या, कामासाठी. तसाच लिहा."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता.

तेव्हापासून मी लिहितो आहे. रेल्वेला लिहिलं, नगरपालिकेला, पुलगावला, हिंगणघाटला. तेच इंग्रजी, तेच वळणदार अक्षर, खाली माझी तीच सही. एकाचंही उत्तर नाही. शेषा दर रविवारी येतो, पोरीला कडेवर घेऊन.

"आलं का जी?"

"नाही रे."

"मंग अजून एक लिहा," तो म्हणतो, आणि मी लिहून होईपर्यंत समोर बसून राहतो.